थांबलेल्या पुल रिक्वेस्टचा निपटारा करताना

तक्त्यांच्या स्वरूपातील निरनिराळ्या फायली वाचणाऱ्या एका मुक्त स्रोत पायथन लायब्ररीत मी काही वर्षे अधूनमधून योगदान देत आले होते. प्रकल्पाचे मुख्य मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) दोनच, आणि दोघेही आपापली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करणारे. नव्या आवृत्त्या निघत होत्या, दोष दुरुस्त होत होते, पण उघड्या पुल रिक्वेस्टची (कोडमध्ये घ्यावेत म्हणून पाठवलेल्या बदलांची) यादी एवढी लांबली होती की तिच्या शेवटच्या पानावर काय आहे हे कोणालाच नीट सांगता आले नसते. ती यादी निकालात काढण्याचे काम मी घ्यावे असे दोघांनी सुचवले आणि मला ‘ट्राएज’ हा अधिकार दिला. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर हा अधिकार असणाऱ्याला लेबले लावता येतात, रिव्ह्यू (कोडची तपासणी) मागता येतो, पुल रिक्वेस्ट बंद करता येते किंवा पुन्हा उघडता येते, मात्र कोड मर्ज करता (मुख्य कोडमध्ये मिसळता) येत नाही. या मर्यादेचा पुढे फायदाच झाला. मला परस्पर काहीच उरकता येत नसल्याने प्रत्येक निर्णय कारणासह लिहून मेंटेनरपुढे ठेवावा लागे, आणि त्या निर्णयाची नोंद त्या पुल रिक्वेस्टखालीच राही.

पहिली सूचना बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) लावण्याची होती. गिटहबवर त्यासाठी ‘स्टेल’ नावाची तयार अ‍ॅक्शन मिळते. तिची मूळ सेटिंग अशी की ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर लेबल लावायचे आणि त्यानंतर ७ दिवसांत कोणी काही बोलले नाही तर पुल रिक्वेस्ट बंद करायची. कुबरनेटिससारख्या प्रचंड प्रकल्पातही अशीच यंत्रणा आहे. तिथे ९० दिवसांनी पहिले लेबल, आणखी ३० दिवसांनी दुसरे आणि त्यानंतरच्या ३० दिवसांनी बंद, असा टप्प्याटप्प्याचा क्रम आहे. आमच्या यादीवर हा बॉट सोडला असता तर दोन-अडीच महिन्यांत ती रिकामी झाली असती यात शंका नाही. तरीही मी थोडे थांबायची विनंती केली, कारण बॉटला फक्त तारीख दिसते. हालचाल थांबली हे त्याला कळते. ती कोणापाशी थांबली हे कळत नाही. बाहेरून काम पाठवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा फरक लहान नाही. आपल्याला सांगितलेले सर्व बदल करून उत्तराची वाट पाहत बसावे आणि शेवटी ‘हालचाल नसल्याने बंद’ असा यंत्राचा निरोप यावा, हे दुसऱ्या प्रकल्पांत मी पाहिलेले होते.

म्हणून आधी यादी हाताने वाचायचे ठरले. शोधपट्टीत सर्वांत जुन्या हालचालीपासून क्रम लावला, पण तो क्रम फसवा आहे हे लवकरच ध्यानात आले. कोणी नुसते लेबल बदलले किंवा एखाद्या स्वयंचलित सेवेने टिप्पणी केली तरी ‘शेवटचा बदल’ ही तारीख पुढे सरकते. त्यामुळे वर्षानुवर्षे कोणीही न पाहिलेली पुल रिक्वेस्ट यादीत ताजी दिसू शकते. मग मी स्वतंत्र तक्ता केला. लेखकाची शेवटची कमिट (नोंदवलेला बदल) कधीची, प्रकल्पातल्या माणसाचा शेवटचा शब्द कधीचा, चाचण्यांची स्थिती काय, आणि या क्षणी पुढची चाल कोणाची, एवढेच त्यात लिहायचे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलर प्रकल्पात ‘लेखकाची वाट’ आणि ‘रिव्ह्यूची वाट’ अशा अर्थाची दोन वेगळी लेबले बरीच वर्षे वापरात आहेत. ती पद्धत मला ठाऊक होती, आणि तक्त्यातला शेवटचा रकाना तिथूनच आला.

तो रकाना भरत गेला तसे चित्र स्पष्ट झाले. यादीतला मोठा भाग लेखकांनी सोडून दिलेला नव्हताच. तो प्रकल्पाच्या दारात अडकलेला होता.

अडकण्याची कारणे बहुतेक तांत्रिक आणि क्षुल्लक होती. रिव्ह्यूमध्ये बदल सुचवले गेले, लेखकाने ते करून नवी कमिट पाठवली आणि तिथेच सगळे थांबले, असा प्रकार वारंवार दिसला. नुसती कमिट पाठवल्याने रिव्ह्यू करणाऱ्याकडे पुन्हा रीतसर मागणी जात नाही. त्यासाठी रिव्ह्यूअरच्या नावाशेजारचे छोटे गोल चिन्ह दाबावे लागते, आणि नव्याने येणाऱ्या बहुतेकांना ते चिन्ह कशासाठी आहे हे माहीत नसते. पुल रिक्वेस्टवर मात्र ‘बदल हवेत’ हा लाल शेरा तसाच राहतो. यादीवरून नजर फिरवणारा मेंटेनर तो शेरा पाहतो, अजून लेखकाचे काम बाकी आहे असे समजतो आणि पुढे जातो.

दुसरे कारण मला अधिक खटकले. एखाद्या प्रकल्पात पहिल्यांदाच काम पाठवणाऱ्याच्या चाचण्या मेंटेनरने मंजुरी दिल्याशिवाय चालू होऊ नयेत, अशी तरतूद गिटहबने एप्रिल २०२१ मध्ये आणली. दुसऱ्यांच्या चाचणीयंत्रांवर चोरून आभासी चलन काढण्याचे प्रकार वाढले होते, त्यामुळे तरतूद योग्यच होती. परंतु आमच्याकडे ते मंजुरीचे बटण दाबायचे कोणी, हे कधी ठरलेच नव्हते. परिणामी नवख्या लोकांच्या कितीतरी पुल रिक्वेस्टच्या चाचण्या एकदाही चाललेल्या नव्हत्या. लेखकाला वाटे की आपले काही चुकले असणार, आणि मेंटेनरला वाटे की चाचण्या हिरव्या झाल्या की पाहू. दोघेही सभ्यपणे एकमेकांची वाट पाहत होते.

त्याहून जुन्या पुल रिक्वेस्टची गोष्ट निराळी होती. पूर्वी प्रकल्प ज्या चाचणीसेवेवर अवलंबून होता ती सेवा सोडून बराच काळ झाला होता, पण मर्जसाठी आवश्यक असलेल्या तपासण्यांच्या यादीत तिचे नाव तसेच राहिले होते. ती तपासणी कधीच पूर्ण होणार नव्हती, आणि तिच्या नावापुढे ‘स्थिती कळण्याची प्रतीक्षा’ असे अखंड दिसत होते. मेंटेनरने सेटिंगमधून ते नाव काढले, मंजुरीची बटणे एका बैठकीत दाबली, आणि एवढ्यावरच काही पुल रिक्वेस्ट त्याच आठवड्यात मर्ज झाल्या. त्यांतली एक दुरुस्ती अशी होती की फायलीच्या आरंभी बाइटचा क्रम दाखवणारे अदृश्य चिन्ह असले तर पहिल्या स्तंभाचे नाव चुकीचे वाचले जाई. तिच्याबद्दल वापरकर्ते पुन्हा पुन्हा तक्रार नोंदवत होते आणि उत्तर आमच्याच यादीत पडून होते.

यानंतर खरोखर लेखकाकडे थांबलेल्या पुल रिक्वेस्टकडे वळले. त्यांच्यासाठी निरोप लिहिण्यात माझा अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. (‘काही प्रगती?’ एवढेच विचारणारी टिप्पणी मला स्वतःला कधी आवडलेली नाही; ती वाचून माणूस कामाला लागण्याऐवजी खिडकी बंद करतो.) शेवटी ठरले की निरोप प्रत्येकाला वेगळा जाईल आणि त्यात तीन गोष्टी असतील. हा बदल प्रकल्पाला अजून हवा आहे की नाही, नेमके काय उरले आहे, आणि लेखकापुढे कोणते पर्याय आहेत. पर्यायही तीनच ठेवले. स्वतः पुढे न्यावे, आम्हाला पुढे नेऊ द्यावे, किंवा बंद करायला सांगावे. उत्तरासाठी एक महिना दिला, आणि उत्तर आले नाही तर आम्ही काय करू हेही त्याच निरोपात लिहिले. दुसरा पर्याय स्पष्ट शब्दांत दिल्याचा उपयोग झाला. ‘आता मला वेळ नाही’ हे सांगायला माणसे संकोचतात, पण ‘तुम्ही पुढे न्या’ हे सांगायला संकोचत नाहीत.

उत्तरे नाना प्रकारची आली. कोणी नोकरी बदलली होती आणि आता ही लायब्ररी वापरतच नव्हते. एकाने आपली दुरुस्ती स्वतःच्या फोर्कमध्ये (प्रकल्पाच्या कोडच्या स्वतंत्र प्रतीत) ठेवून प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती पुढे ओढत आणली होती. त्याने त्याच दिवशी ताजी शाखा (बदलांची वेगळी मालिका) पाठवली. एकीने जरा तिखट उत्तर दिले की इतक्या काळाने विचारणा करणाऱ्यांनी महिन्याची मुदत घालावी हे गमतीचे आहे. तिचे म्हणणे रास्त होते आणि मी तिला तसे लिहिले; तिची मुदत काढून टाकली. बऱ्याच जणांनी उत्तरच दिले नाही. काही खाती अस्तित्वातच राहिली नव्हती. अशा ठिकाणी लेखकाच्या जागी गिटहब ‘घोस्ट’ हे नाव दाखवते आणि मूळ फोर्क पुसला गेला असेल तर शाखेच्या जागी ‘अज्ञात रिपॉझिटरी’ असे येते.

फोर्क पुसला तरी कोड जात नाही, हे अनेकांना माहीत नसते. प्रत्येक पुल रिक्वेस्टच्या कमिट मुख्य रिपॉझिटरीतच (प्रकल्पाच्या कोडसाठ्यातच) ‘पुल’, तिचा क्रमांक आणि ‘हेड’ अशा नावाच्या संदर्भाखाली राहतात आणि गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या फेच आज्ञेने तो संदर्भ आपल्या शाखेत उतरवून घेता येतो. मी सारे काम असेच उतरवून घेतले. एरवी ‘मेंटेनरना बदल करू द्या’ ही खूण लेखकाने ठेवली असेल तर थेट त्याच्याच शाखेवर कमिट पाठवता येते, पण त्यासाठी मुख्य रिपॉझिटरीत लिहिण्याचा अधिकार लागतो, जो माझ्याकडे नव्हता. शिवाय फोर्क एखाद्या संस्थेच्या खात्याखाली असेल तर ती सोय मिळत नाही.

उतरवलेली शाखा आजच्या कोडवर आणणे हा या कामातला सर्वांत किचकट भाग. मधल्या काळात प्रकल्पाने ‘ब्लॅक’ हा फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारा प्रोग्राम) स्वीकारला होता आणि एकाच कमिटमध्ये जवळजवळ प्रत्येक फाइल नव्याने मांडली गेली होती. त्यापूर्वीची कोणतीही शाखा सरळ रिबेस करू (नव्या कोडवर बसवू) गेले की ओळीगणिक कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन बदलांची टक्कर) येई, आणि त्या गर्दीत खरा कॉन्फ्लिक्ट कोणता व नुसत्या मांडणीतला कोणता हे ओळखणे अशक्य होई. मग मी ती उडी दोन टप्प्यांत घ्यायला लागले. शाखा आधी त्या मोठ्या कमिटच्या लगेच आधीच्या स्थितीवर रिबेस करायची, म्हणजे इथे येणारे कॉन्फ्लिक्ट खरे असतात आणि ते विचार करून सोडवायचे. नंतर फॉरमॅटरची तीच आवृत्ती त्याच सेटिंगसह शाखेवर चालवायची आणि जे हाती येईल त्याची मोठ्या कमिटनंतरच्या स्थितीशी तुलना करायची. मांडणी दोन्हीकडे सारखी झालेली असल्याने उरतो तो लेखकाने केलेला बदलच. तो उचलला की पुढचा रिबेस बहुधा सुरळीत होतो. फॉरमॅटिंग आडवे येत नसलेल्या शाखांसाठी गिटची ‘रेंज-डिफ’ ही आज्ञा फार कामाची ठरली. २०१८ च्या २.१९ आवृत्तीपासून ती उपलब्ध आहे आणि जुनी कमिटमालिका व नवी कमिटमालिका शेजारी ठेवून रिबेस करताना नेमके काय बदलले ते दाखवते. तिचा निकाल मी नव्या पुल रिक्वेस्टमध्ये जोडत असे. मी कशाला हात लावला आहे ते मूळ लेखकालाही पाहता यावे, हा त्यामागचा हेतू.

कोड दुसऱ्याचा, आणि त्यामुळे नाव त्याचेच राहिले पाहिजे, याबाबत आम्ही तडजोड केली नाही. गिटमध्ये प्रत्येक कमिटला लेखक आणि कमिट करणारा अशी दोन नावे असतात. रिबेस किंवा चेरी-पिक (निवडक कमिट उचलणे) केले तरी लेखकाचे नाव तसेच राहते आणि दुसरे नाव बदलते. धोका शेवटच्या बटणाशी असतो. माझ्या नावाने उघडलेली पुल रिक्वेस्ट स्क्वॅश करून (सगळ्या कमिटची एकच कमिट करून) मर्ज केली तर मूळ लेखकाचे नाव मुख्य जागेवरून हटून संदेशाच्या तळाशी सह-लेखकाच्या ओळीत जाऊ शकते. म्हणून अशा पुल रिक्वेस्ट स्क्वॅश न करता रिबेस पद्धतीने मर्ज करायच्या असे ठरले. जिथे माझी भर मोठी होती तिथे ती वेगळ्या कमिटमध्ये ठेवली. सह-लेखकाची ओळ गिटहब २०१८ पासून ओळखते, पण तिच्यात लेखकाच्या खात्याशी जोडलेला ईमेल पत्ता नसेल तर ते नाव खात्याला जोडले जात नाही, हेही तपासून घ्यावे लागे.

हक्कांचा प्रश्न नावापुरता नव्हता. प्रकल्पाने मधल्या काळात डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन स्वीकारले होते, म्हणजे हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे असे प्रत्येक कमिटच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लिहून सांगायचे. ही प्रथा लिनक्स कर्नलमध्ये २००४ साली सुरू झाली. आमच्या जुन्या पुल रिक्वेस्टमध्ये ती ओळ नव्हती, आणि लेखक उत्तर देत नसेल तर त्याच्या वतीने ती लिहिण्याचा मला काही अधिकार नव्हता. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या कलमात आधीच्या मुक्त परवान्याखालील कामावर आधारलेले काम पुढे देण्याची सोय आहे, आणि परवाना असलेल्या रिपॉझिटरीत दिलेले योगदान त्याच परवान्याखाली येते असे गिटहबच्या अटीही सांगतात. त्या आधारावर लहान दुरुस्त्या मी स्वतःच्या सहीने पुढे नेल्या. पण एका मोठ्या पुल रिक्वेस्टमधला काही भाग लेखकाने आपल्या कार्यालयातल्या कोडवरून घेतल्याचे वर्णनातच लिहिले होते. त्या कोडचा मालक कोण हे विचारायला माणूस उपलब्ध नव्हता. ती पुल रिक्वेस्ट आम्ही बंद केली आणि मूळ इश्यूवर (तक्रारीच्या वा मागणीच्या नोंदीवर) लिहिले की हे काम नव्याने करायचे झाल्यास हा कोड आधाराला घेऊ नये. चांगला कोड असा सोडून देणे जिवावर येते, पण इथे दुसरा मार्ग नव्हता.

जुनी पुल रिक्वेस्ट कधी बंद करायची यावरही थोडी चर्चा झाली. नवी उघडताच जुनी बंद करावी, म्हणजे यादी लगेच लहान होते, असे एका मेंटेनरचे मत होते. मला ते पटले नाही. पुढे नेणारी व्यक्तीही मध्येच नाहीशी होऊ शकते, आणि तसे झाल्यास काम दोन्हीकडून हरवते. म्हणून जुनीवर नवीचा दुवा द्यायचा आणि नवी मर्ज झाल्यावरच जुनी बंद करायची, हा क्रम ठेवला.

बंद करण्याची भाषा ठरवताना पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रकल्पाच्या कमिटफेस्टची (आलेले बदल ठरावीक काळात तपासण्याच्या पद्धतीची) मदत झाली. तिथे पॅचची (पाठवलेल्या बदलाची) तपासणी संपल्यावर त्याला वेगवेगळे शेरे मिळतात. नाकारलेला पॅच, अभिप्रायासह परत दिलेला पॅच आणि लेखकाने मागे घेतलेला पॅच हे तीन वेगळे मानले जातात. गिटहबवर मर्ज न करता बंद केलेल्या सर्वांच्या वाट्याला एकच लाल खूण येते आणि तिचा अर्थ लेखक बहुधा ‘नाकारले’ असाच घेतो. त्यामुळे आम्ही लेबले केली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारण वाक्यात लिहू लागलो. बंद करताना संबंधित इश्यूवरही लिहायचे की आता यावर कोणी काम करत नाही, कारण इश्यूला जोडलेली पुल रिक्वेस्ट दिसली की नवा माणूस ती जागा भरलेली समजून निघून जातो. शिवाय एक तांत्रिक सूचना प्रत्येक निरोपात घातली. बंद असलेल्या पुल रिक्वेस्टच्या शाखेवर फोर्स पुश केला (जुना इतिहास बदलून नवा पाठवला) तर ती पुन्हा उघडता येत नाही. तेव्हा परत काम सुरू करायचे असेल तर आधी इथे लिहावे, आम्ही उघडून देऊ, आणि त्यानंतरच शाखा हलवावी.

सर्वांत अवघड ठरल्या त्या पुल रिक्वेस्ट ज्यांना ‘नाही’ म्हणायला हवे होते पण कोणी म्हटले नव्हते. एका लेखकाने एका नव्या फाइल प्रकाराचा पूर्ण वाचक लिहून पाठवला होता, चाचण्यांसह, उत्तम दस्तऐवजासह. खाली दोन्ही मेंटेनरनी कौतुक केले होते, वेळोवेळी किरकोळ सुधारणा सुचवल्या होत्या, आणि लेखकाने प्रत्येक सुधारणा केली होती. मी दोघांना स्वतंत्रपणे विचारले की हे मर्ज करण्यात अडचण काय आहे. दोघांचे उत्तर एकच होते. तो फाइल प्रकार त्यांच्यापैकी कोणी वापरत नव्हते, त्यातले दोष पुढे त्यांना दुरुस्त करता येणार नव्हते आणि ही जबाबदारी त्यांना घ्यायची नव्हती. कारण अगदी समजण्यासारखे होते, फक्त ते लेखकाला सांगितले गेले नव्हते. मी मसुदा लिहिला. मेंटेनरने तो बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत लिहिले, आणि ते अधिक बरे झाले. लेखकाने काही दिवसांनी तो वाचक वेगळे पॅकेज म्हणून प्रसिद्ध केला आणि आमच्या दस्तऐवजात आता त्याचा उल्लेख आहे.

यादी आवाक्यात आल्यावर बॉटचा विषय पुन्हा निघाला. या वेळी आम्ही तो लावला, पण त्याचे हात बांधून. ‘लेखकाची वाट’ हे लेबल असलेल्या पुल रिक्वेस्टपुरताच तो पाहतो, आणि बंद करण्याच्या मुदतीच्या जागी उणे एक हा आकडा दिलेला आहे, ज्याचा अर्थ आपोआप कधीही बंद करू नये. तो आठवण देतो. बंद माणूस करतो. लेखकाने नवी कमिट पाठवताच लेबल बदलून ‘रिव्ह्यूची वाट’ व्हावे यासाठी एक छोटा वर्कफ्लोही (आपोआप चालणारी कामांची मालिका) लिहिला. फोर्कवरून आलेल्या पुल रिक्वेस्टवर लेबल बदलायचे तर वर्कफ्लोला मुख्य रिपॉझिटरीचे अधिकार द्यावे लागतात. म्हणून त्या वर्कफ्लोत पाठवलेला कोड उतरवायचा किंवा चालवायचा नाही, हे पथ्य कटाक्षाने पाळले. नाहीतर कोणाही अनोळखी माणसाच्या हाती आपल्या किल्ल्या जातात.

‘रिव्ह्यूची वाट’ या बाजूला मात्र बॉट नाही. मेंटेनरनाही तशीच आठवण जावी असे माझे मत होते. त्यांपैकी एकाने ते साफ नाकारले. फुकट काम करणाऱ्या माणसाला यंत्राने तगादा लावू नये, हे त्याचे म्हणणे. त्याऐवजी प्रत्येक आवृत्ती काढण्यापूर्वी त्या लेबलाची यादी उघडायची आणि प्रत्येकीखाली निदान एक उत्तर लिहायचे, असे ठरले, आणि आवृत्ती काढण्याच्या कामांच्या यादीत ते पहिल्या ओळीवर लिहिलेले आहे. सध्या तिथे थोड्याच पुल रिक्वेस्ट आहेत. त्यांतली सर्वांत जुनी रिकाम्या चौकटींचा अर्थ बदलणारी आहे. तिच्यामुळे वापरकर्त्यांचे चालू कोड मोडेल, म्हणून ती पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत रोखून ठेवायची असे लेखकाशी बोलून ठरले आहे, आणि ते कारण तिच्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहिले आहे.